कॅम्परची खडखड: कुठून येते, कशी शोधायची, कशी घालवायची

टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर करून घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार एसीची नसते, टॉयलेटचीही नसते. ती आवाजाची असते. वर्कशॉपमध्ये उभ्या गाडीत सगळं देखणं दिसतं. कपाटाचं दार लावलं की छान 'टप्' वाजतं, लॅमिनेट चकाकतं, ड्रॉवर अलगद सरकतात. मग गाडी खंबाटकीच्या चढाला लागते, किंवा एखाद्या पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यावरून जाते, आणि मागचं अख्खं घर एकदम बोलायला लागतं. पुढे बसलेल्या दोघांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं.

यावर बहुतेकांचा पहिला उपाय म्हणजे फोम. दिसेल त्या फटीत कोंबायचा. काही दिवस बरं वाटतं, मग फोम दबतो, आवाज परत येतो, आणि आता मूळ जागा फोमखाली दडलेली असते. म्हणून आधी आवाज कशाचा आहे ते ओळखायचं, मग जागा शोधायची, आणि हत्यार सगळ्यात शेवटी हातात घ्यायचं. पुढे जे सांगतोय त्यातली उदाहरणं आपल्याकडच्या व्हॅनवर बांधलेल्या कॅम्परची आहेत, पण ओढून न्यायच्या कॅरॅव्हॅनलाही बरंचसं तसंच लागू पडतं.

आपटणं, घासणं, घुमणं

गाडीतले झाडून सगळे आवाज या तीनांत बसतात.

खडखड, टकटक, खुळखुळ हे आपटण्याचे आवाज. दोन कडक वस्तूंमध्ये फट आहे आणि प्रत्येक धक्क्याला त्या एकमेकींवर आदळतायत. इलाज दोनच: एकतर दोन्ही इतक्या घट्ट जोडा की त्या एकच वस्तू होतील, नाहीतर मध्ये मऊ काहीतरी थोडं दाबून बसवा. यांच्या अधलंमधलं काहीही टिकत नाही. अर्धवट आवळलेला स्क्रू आणि सैल अडकवलेला रबराचा तुकडा सारखेच निरुपयोगी.

कुरकुर, करकर हे घासण्याचे. इथे फट नसते. दोन पृष्ठभाग चिकटून असतात आणि गाडी पिळली की एकमेकांवर सरकतात. प्लायवर प्लाय, लॅमिनेटवर लॅमिनेट, पत्र्यावर थर्माकोल. इथे आणखी आवळून कधी कधी आवाज वाढतो. मध्ये फेल्टची (दाबलेल्या लोकरीसारख्या जाड मऊ कापडाची) किंवा कापडी टेपची पट्टी लागते.

घुमघुम किंवा ढणढण म्हणजे एखादा मोठा सपाट भाग स्वतःच थरथरतोय: बाजूचा पत्रा, छत, कपाटाची पातळ मागची पाठ, रिकामी पाण्याची टाकी. याला आवळून काही होत नाही; त्या भागाची थरथर जिरवावी लागते.

हा फरक कानाला कळला की अर्धं काम झालं. सुताराला नुसतं 'गाडी वाजते' म्हणून सांगितलं तर तो सगळीकडे स्क्रू मारून देईल, आणि प्लायच्या कडेत मारलेला प्रत्येक जास्तीचा स्क्रू उद्याची नवी खुळखुळ असते.

घरचं फर्निचर गाडीत का टिकत नाही

घरातलं कपाट जमिनीवर उभं असतं, त्याला त्याचं वजनच जागेवर धरून ठेवतं. गाडीत तोच आधार दर मिनिटाला काढून घेतला जातो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे ताशी २५ किमी वेगासाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे चाक हळूहळू चढून हळूहळू उतरावं. गावोगावी दिसणारे वीतभर रुंदीचे उंचवटे आठवा, म्हणजे कपाटावर काय गुदरतं ते कळेल. चाक एकदम उचललं जातं, जमीन वर येते, कपाट मागे राहू पाहतं. पुढच्याच क्षणी जमीन खाली जाते आणि कपाट हवेत असतं. शिवाय तिरक्या खड्ड्यात एक चाक गेलं की गाडीचं शरीर थोडं पिळतं. शरीर पिळतं, कपाटाची पेटी पिळायला तयार नसते, आणि सगळा ताण सांध्यावर येतो.

युरोपातल्या, कारखान्यातून तयार होऊन आलेल्या मोटरहोमही वाजतात, हे तिथे भाड्याने घेऊन फिरलेल्यांना माहीत असेल. तिथलं कारण वेगळं आहे. तिथे कारच्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतची गाडी चालवायची, ही मर्यादा वर्षानुवर्षं चालत आली. त्यामुळे फियाट ड्युकाटोसारख्या गाडीवर घर बांधणारा प्रत्येक जण किलोकिलोचा हिशेब करतो: पॉपलरचं हलकं प्लाय, पोकळ दारं, प्लास्टिकचे लॅच. हलकं सामान लवकर थरथरतं.

आपल्याकडे नेमकी उलटी चूक होते. सुतार घरच्या सवयीने १८ मिमीचं प्लाय लावतो. ८ बाय ४ फुटांचं असं एक शीट साधारण ३५ किलोचं, १२ मिमीचं २३ किलोच्या आसपास. अशी दहा शीट गाडीत गेली की नुसत्या जाडीच्या फरकातच शे-सव्वाशे किलो वाढतात. 'जड म्हणजे मजबूत' ही समजूत इथे उपयोगाची नाही. जड दार त्याच बिजागरीवर जास्त जोराने आदळतं आणि स्क्रूचं भोक लवकर मोठं करतं. पेटीला १२ मिमी, कडेला आधारपट्टी, आणि १८ मिमी फक्त जिथे माणूस बसणार-झोपणार तिथे, हे प्रमाण मला योग्य वाटतं. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड तर गाडीत आणूच नयेत. एका पावसाळ्यात फुगतात आणि स्क्रू धरणं सोडून देतात.

पायरी १: वजनकाटा आणि हवा

सुरुवात घरापासून नाही, चाकापासून करायची, कारण हे काम सर्वात स्वस्त आहे. गाडी नेहमीच्या सामानासकट, पाणी आणि डिझेल भरून वजनकाट्यावर न्या. एकदा पूर्ण गाडी तोला, एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, एकदा फक्त मागची. काटेवाल्याला हे विचित्र वाटेल. आधीच समजावून सांगा.

मग टायरची हवा. पंपावर ट्रॅव्हलर दिसली की पोरगा सतरा प्रवाशांच्या हिशेबाने हवा ठोकतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पाटीवर आणि मॅन्युअलमध्ये भाराप्रमाणे हवेचे आकडे असतात. आपल्या पुढच्या आणि मागच्या वजनाला लागू होणारा आकडा घ्या, आणि हवा टायर थंड असताना भरा. गरजेपेक्षा जास्त हवा असेल तर टायर दगडासारखा होतो आणि प्रत्येक खडा थेट कपाटापर्यंत पोचतो. पण आराम मिळावा म्हणून अंदाजाने हवा कमी करणं धोक्याचं: हवा कमी असलेला टायर भाराखाली तापतो आणि फुटतो. कंपनीने दिलेल्या आकड्याखाली जायचं नाही, एवढं पक्कं.

काट्यावरून एक गोष्ट कळत नाही, ती टेप घेऊन बघा. गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या वरची मडगार्डची उंची मोजा. किचन, फ्रिज, बॅटरी आणि टाकी सगळं एकाच बाजूला गेलं असेल तर ती बाजू खाली बसलेली दिसते. अशी गाडी प्रत्येक वळणावर कपाटं एका कुशीवर ढकलत राहते.

पायरी २: गाडी रिकामी करा आणि आवाज शोधा

सगळं बाहेर काढा. भांडी, कपडे, गाद्या, टूलकिट, देवाच्या फोटोपर्यंत सगळं. मग ठरलेल्या एका रस्त्यावर ठरलेल्या वेगाने चालवा. त्या रस्त्यात थोडा काँक्रीटचा भाग, थोडे पेव्हर ब्लॉक, एक-दोन गतिरोधक आणि एखादं तीव्र वळण असावं. दर वेळी तोच रस्ता. नाहीतर सुधारणा झाली की रस्ता चांगला होता, हे कळत नाही.

गाडी दुसऱ्याला चालवायला द्या. तुम्ही मागे बसा, पण सीटवर आणि बेल्ट लावून. चालत्या गाडीत उभं राहून कपाटं चाचपणं हा जीवघेणा उद्योग आहे. बसल्या जागी हात पोचेल ते दाबून बघा. दाबल्यावर आवाज थांबला की जागा सापडली. हात पोचत नाही तिथे दोन-तीन मोबाईल रेकॉर्डिंग सुरू करून वेगवेगळ्या कपाटांत ठेवा, कापडात गुंडाळून, म्हणजे ते स्वतः वाजणार नाहीत. घरी येऊन ऐकलं की सर्वात मोठा आवाज कुठल्या कपाटात आहे ते कळतं. मेंदूला बंद जागेत आवाजाची दिशा नीट सांगता येत नाही. छतातली टकटक हमखास बाजूच्या भिंतीतली वाटते.

एक युक्ती कार ऑडिओवाल्यांकडून उचलण्यासारखी आहे. गाडी उभी असताना आत मोठा स्पीकर ठेवून ३० ते २०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जाणारा टोन वाजवायचा. अशी फुकट ॲप मिळतात. ज्या कंपनसंख्येला एखादा पत्रा किंवा दार साथ देऊ लागतं, तिथे थांबायचं आणि हाताने शोधायचं. रस्त्यावर अर्धा सेकंद ऐकू येणारा आवाज इथे हवा तेवढा वेळ वाजत ठेवता येतो.

आवाज इंजिनचा की रस्त्याचा हेही याच पायरीला ठरवा. गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावर तोच आवाज आला तर इंजिनाचे माउंट, सायलेन्सरची रबरं किंवा एखादी सैल पट्टी बघा. फक्त चालताना येत असेल तर चाकं, शॉकअप किंवा घर.

सापडलेल्या प्रत्येक जागी मास्किंग टेप चिकटवून त्यावर प्रकार लिहा: आपटणं, घासणं, घुमणं. रिकाम्या गाडीचे आवाज संपले की मगच एकेक खण भरत जायचं.

पायरी ३: मराठी स्वयंपाकघर

रिकामी गाडी शांत झाली आणि भरल्यावर वाजली, तर दोष सुताराचा नाही. आपली भांडी स्टीलची, आणि स्टीलवर स्टीलइतका वाईट शेजार नाही. वाट्या एकात एक, ताटं एकावर एक, डब्यात डबा. यात पहिला गुन्हेगार मिसळणाचा डबा: सात वाट्या, आत एक चमचा, वर दोन झाकणं. प्रवासासाठी मसाल्यांच्या छोट्या प्लास्टिक किंवा सिलिकॉनच्या बाटल्या घ्या. कुकरची शिट्टी काढून कापडात ठेवा, झाकण उलटं करून मध्ये नॅपकिन घाला. ताटांच्या मध्ये जुन्या सुती साडीचे चौकोन हा सगळ्यात उत्तम आणि फुकट उपाय आहे. टॉवेलपेक्षा कमी जागा घेतो, ओला झाला तर लगेच वाळतो. चमचे-कालथे कप्पे शिवलेल्या कापडी गुंडाळीत.

खणाच्या तळाला जाळीदार रबरी मॅट घाला, पण तेवढ्यावर भागत नाही. मॅट सरकणं थांबवते, उसळणं थांबवत नाही. खण गच्च भरलेला हवा. रिकामी जागा उरली तर तिथे कपडे भरा. मऊ आणि कडक सामान एकाच खणात मिसळून ठेवणं घरी गबाळेपणा समजतात, गाडीत तीच पद्धत योग्य.

शेगडीवरची जाळी काढून ठेवा; ती जागेवर राहिली की शंभर टक्के वाजते. ५ किलोचा सिलिंडर रबरी मॅटवर ठेवून वर आणि खाली असे दोन रॅचेट पट्टे आवळा, एक पट्टा असला की तो खालून फिरतो. चालत्या गाडीत रेग्युलेटर बंदच हवा. हा नियम आवाजासाठी नाही, पण इथेच सांगून ठेवतो.

पाण्याची टाकी अर्धी असली की घाटात पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धडका मारतं. १०० लिटर म्हणजे १०० किलो. टाकीत आडव्या भिंती नसतील तर लांबच्या प्रवासाला ती भरलेली तरी ठेवा किंवा मुक्कामापाशी भरा.

पायरी ४: दारं आणि ड्रॉवर

इथे थोडं रेंगाळतो, कारण भरलेल्या कॅम्परमध्ये सर्वाधिक आवाज इथूनच येतो आणि सर्वाधिक पैसे चुकीच्या वस्तूवर इथेच जातात.

घरच्या कपाटाला मॅग्नेट कॅच किंवा सॉफ्ट क्लोज बिजागरी पुरते. गाडीत मॅग्नेट फक्त दार मिटलेलं दाखवतो, धरत नाही. वळणावर भरलेलं कपाट त्यावर भार टाकतं आणि ते उघडतं. हवा आहे कॉम्प्रेशन लॅच, म्हणजे मूठ फिरवली किंवा दाबली की जो दाराला आत खेचून रबरावर दाबून धरतो. बोटीच्या सामानात हे मिळतात, इंडस्ट्रियल पॅनेलच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतात. युरोपी गाड्यांतले बटण दाबून उघडायचे पुश लॉकही चालतात, पण त्यांची जीभ आणि खाच यांत एक-दीड मिलिमीटरचा खेळ असतो. तो रबराने खाल्ला नाही तर प्रत्येक लॉक टकटक करतो.

लॅच बहुधा दाराच्या मध्यावर लावतात आणि वरचा-खालचा कोपरा मोकळा राहतो. दार लावून कोपऱ्यावर बोटाने दाबून बघा. हलतंय? मग त्या कोपऱ्यात सिलिकॉनची टिकली किंवा ईपीडीएम रबराची बीडिंग लावा, अशा जाडीची की दार लावताना ती साधारण एक मिलिमीटर दबेल. दबली नाही तर तिचा उपयोग नाही. जास्त दबली तर लॅच लागणार नाही किंवा महिन्याभरात तुटेल. जाडी ठरवण्यासाठी फटीत कागदाच्या घड्या घालून बघा.

उंच दाराला दोन लॅच लावा. वर उघडणाऱ्या कपाटाला गॅस स्ट्रट (दार उचलून धरणारा गॅसचा दांडा) असेल तर तो बंद स्थितीत दाराला किंचित आत ओढेल असा बसवा. चुकीच्या कोनात बसवलेला स्ट्रट उलट दाराला बाहेर ढकलत राहतो.

ड्रॉवरचे टेलिस्कोपिक चॅनल स्वस्तातले घेऊ नका. बोटाने वर-खाली हलवून बघा, खेळ जाणवला तर दुकानातच सोडून द्या. ४५ मिमी रुंदीचे बॉल बेअरिंगचे, ड्रॉवरच्या पूर्ण लांबीचे. ड्रॉवर बंद झाल्यावर त्याच्या मागच्या टोकाला रबरी बफर आणि खालून नायलॉनची छोटी उताराची पट्टी द्या, म्हणजे शेवटच्या दोन सेंटिमीटरला ड्रॉवर थोडा वर चढून अडकून बसेल.

ऋतूही लक्षात ठेवावा लागतो. मे महिन्यात बारीक फट ठेवून बसवलेलं दार जुलैत कोकणात अडकतं. पावसाळ्यात बसवलेलं उन्हाळ्यात खुळखुळतं. प्लायच्या सगळ्या कडा, बिजागरीच्या खाचा आणि भोकंसुद्धा सील केली तर हा फरक बराच कमी होतो. आयएस ७१० चं मरीन प्लाय गोंदाच्या दृष्टीने पाण्याला टिकतं, पण उघडी कड ओलावा पितेच.

पायरी ५: सांधे आणि गाडीला जोडणी

प्लायच्या कडेत मारलेला स्क्रू घरात वर्षानुवर्षं टिकतो, गाडीत नाही. लाकूड-लाकूड सांध्याला फेविकॉल भरपूर लावून, क्लॅम्पने धरून, आतून कोपऱ्यात लाकडी पट्टी चिकटवून स्क्रू करा. इथे स्क्रू फक्त गोंद वाळेपर्यंत धरायला असतो. खरी ताकद चिकटलेल्या क्षेत्रफळाची. जिथे पुढे उघडावं लागणार आहे तिथे स्क्रूऐवजी आरपार बोल्ट, मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा).

पेटी गाडीला जोडताना पत्र्यात सेल्फ टॅपिंग स्क्रू मारू नका. बाहेरचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. स्क्रू त्यात भोक मोठं करत बसतो, आणि पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होतो. गाडीच्या रिबमध्ये, म्हणजे आतल्या उभ्या-आडव्या कमानींमध्ये, एम६ किंवा एम८ रिव्हनट (पत्र्याच्या भोकात घट्ट बसणारा आट्यांचा नट) बसवून त्यात बोल्ट घ्या. लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये रबराची पातळ शीट किंवा पीयू सीलंटचा (वाळल्यावरही रबरासारखा लवचिक राहणाऱ्या गोंदाचा) दोन-तीन मिलिमीटरचा थर राहू द्या. पीयू आवळून सगळं बाहेर काढलं तर तो सांधा परत कडक होतो. थर राहिला तर गाडी पिळल्यावर तो ताण खातो. पीयू पूर्ण वाळायला जाडीप्रमाणे दिवस लागतात, त्यामुळे संध्याकाळी चिकटवून सकाळी ट्रिपला निघू नका.

दोन पेट्या एकमेकींना टेकत असतील तर त्यांना बोल्टने एक करा, नाहीतर मध्ये पाच मिलिमीटर जागा सोडून फेल्ट भरा. नुसत्या टेकलेल्या पेट्या म्हणजे कुरकुरीचं माहेरघर.

ॲल्युमिनियमच्या टी-स्लॉट (नट सरकवायची खाच असलेल्या) चौकटीचं फर्निचर सध्या लोकप्रिय आहे. हलकं, सुबक, आणि घरच्या घरी जोडता येतं. पण त्यातला प्रत्येक नट सैल होऊ शकतो आणि एका कपाटात ते पन्नास-साठ असतात. निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांवर लावायचं चिकट द्रव, वापरा. लाल नको, ते सोडवायला गरम करावं लागतं. आवळून झाल्यावर नटापासून चौकटीवर पेंट मार्करने एक सलग रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरला. पाना न लावता नुसत्या नजरेने तपासणी होते.

पायरी ६: पत्रा, इन्सुलेशन, काचा

बाजूच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारा. 'ढण' वाजला तर तो रस्त्यावर घुमणार. ॲल्युमिनियमचा थर असलेली ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट मोठ्या पत्र्याच्या मधल्या भागात चिकटवा. पूर्ण पत्रा झाकायची गरज नसते, पाव ते एक तृतीयांश भाग पुरतो. विकणारा मात्र शंभर टक्क्यांचा हिशेब देईल. पत्रा स्वच्छ करून, रोलरने दाबून लावा. छताला डांबराची स्वस्त शीट लावू नका. विदर्भातल्या मे महिन्यात छत इतकं तापतं की ती मऊ पडून सुटते आणि वासही येतो.

इन्सुलेशनला थर्माकोल वापरला असेल तर करकरीचं कारण तिथेच आहे. नायट्राइल रबर किंवा एक्सएलपीई फोमची चिकट पाठीची शीट आवाजालाही बरी आणि ओलावाही धरत नाही. काचलोकर पाणी धरते; कोकणात फिरणाऱ्या गाडीत ती नकोच.

पॅनेलिंगच्या मागे सोडलेल्या वायरी पत्र्यावर टकटक करतात. दर वीत-दोन वितींवर क्लिप लावा, कापडी लूम टेप गुंडाळा, आणि पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) हवाच.

सरकत्या काचांची खडखड बहुधा चॅनलमधलं फेल्ट झिजल्याने होते. नवं चॅनल टाकणं हाच इलाज. कागदाची घडी सारणं हा एसटीतला इलाज आहे. दारांच्या रबरांना सिलिकॉन स्प्रे द्या, ग्रीस किंवा तेल नको, त्याने रबर फुगतं. सरकतं दार बंद असताना हलत असेल तर त्याचा स्ट्रायकर (चौकटीवरचा, लॉक ज्यात अडकतं तो भाग) आत सरकवून घ्या.

पायरी ७: खालची बाजू

हे काम मेकॅनिकचं, पण सांगायचं काय ते आपल्याला माहीत हवं. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश आणि शॅकल, यू-बोल्ट, शॉकअपच्या रबरी टिकल्या, स्टॅबिलायझरच्या लिंक, सायलेन्सरची रबरं, आणि खाली टांगलेली स्टेपनी. ही स्टेपनी अनेकांना महिनोनमहिने चकवते: आवाज मागच्या पलंगाखालून येतो आणि लोक पलंग उसकटत बसतात. घर बांधल्यावर वजन कायमचं वाढतं, पाटे बसतात, त्यामुळे यू-बोल्ट काही आठवड्यांनी पुन्हा आवळून घ्या. गाडी मऊ व्हावी म्हणून पाटा काढून टाकायचा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नका.

हे आवाज दाबू नका

जमिनीतलं गॅसचं व्हेंट वाजतंय म्हणून त्यावर टेप लावणारे लोक आहेत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खाली साचतो आणि त्या भोकातूनच बाहेर जातो. झाकण वाजत असेल तर स्क्रू आवळा, भोक मोकळं ठेवा. फ्रिजमागची हवेची जागा, इन्व्हर्टरभोवतीची जागा आणि सायलेन्सरच्या वरचा भाग इथेही फोम भरायचा नाही. बॅटरीच्या बाजूने बारीक टिकटिक येत असेल तर त्याच दिवशी थांबून बघा: सैल टर्मिनल तापतं. आणि चाकाच्या बाजूची, वेगाबरोबर वाढणारी ठोकठोक कपाटाची आहे असं गृहीत धरू नका. आधी चाकाचे नट तपासा.

नवी गाडी करून घेत असाल तर

२०२१ साली महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं तेव्हापासून अशा गाड्यांची चौकशी वाढली आहे, आणि कॅम्पर करून देतो म्हणणारेही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ गाडीत मनासारखे बदल करता येत नाहीत. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. बांधणाऱ्याला त्याप्रमाणे मंजुरी आहे का, आरसीवर काय नोंद होणार, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या.

आवाजाच्या दृष्टीने करारात एकच अट घालायला सांगेन: सांगाडा उभा राहिल्यावर, पॅनेलिंग आणि लॅमिनेट लागण्याआधी, गाडी खराब रस्त्यावर फिरवून दाखवायची. या टप्प्यावर प्रत्येक सांधा उघडा असतो, दुरुस्ती तासाभरात होते. लॅमिनेट लागल्यावर तीच दुरुस्ती तोडफोड होते आणि वर्कशॉपवाला 'एवढं चालायचंच' म्हणतो. जो ही अट ऐकून नाक मुरडतो, त्याच्याकडे काम देऊ नये असं माझं मत आहे.

जुनी गाडी बघायला गेलात तर आतून फोटो काढत बसू नका. मालकाला चालवायला सांगा, मागच्या सीटवर बेल्ट लावून बसा आणि संगीत बंद ठेवायला सांगा.

देखभाल

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा बघायचे. लाकूड दबतं, रबर बसतं, त्यामुळे हे सैल होणं दोष नाही. त्यानंतर वर्षातून दोनदा: पावसाळ्याआधी, आणि गणपतीत कोकणात जाऊन आल्यावर. बीडिंग दोनेक वर्षांत चपटी होते. ती बदलायची, तिच्यावर दुसरी चिकटवायची नाही.

गाडीत एक छोटी पिशवी ठेवा: स्क्रू ड्रायव्हर, १० आणि १३ चे पाने, ॲलन कीचा संच, नायलॉक नट, फेल्टची चिकट पट्टी, कापडी टेप, केबल टाय, सिलिकॉनच्या टिकल्या, निळं थ्रेडलॉकर, पेंट मार्कर. वाटेत नवा आवाज सुरू झाला तर चहाला थांबाल तेव्हाच शोधा. दोन-तीनशे किलोमीटर वाजत राहिलेला सैल बोल्ट आपलं भोक लांबट करून ठेवतो, आणि मग त्याला एक नंबर मोठा बोल्टच लागतो.